ठसे सोसलेली चांदी

एकोणिसाव्या शतकात चीनच्या बंदरांत खेळणारी नाणी बरीचशी परकी: आधी स्पॅनिश, मग मेक्सिकन डॉलर. कँटनचा व्यापारी त्यावरच्या राजमुद्रेपेक्षा सराफावर भरवसा ठेवायचा. सराफ नाणं वाजवून, तोलून बघायचा आणि चांदी खरी असल्याची ग्वाही म्हणून आपला बारीक ठसा ठोकायचा. ठशावर ठसे पडून काही नाणी बशीसारखी खोलगट झाली. संग्राहकांनी बराच काळ ती खराब म्हणून बाजूला सारली. माझ्या मते सगळ्यांत बोलकी नाणी हीच.

1889 च्या सुमारास व्हाइसरॉय झांग झिडोंग यांनी बर्मिंगहॅमची यंत्रं आणून कँटनला टांकसाळ उभारली. तिथल्या पहिल्यावहिल्या ड्रॅगन डॉलरचं वजन मेक्सिकन डॉलरपेक्षा किंचित जास्त ठेवलं होतं. जड नाणं कोण हातचं सोडेल? वजन उतरवावं लागलं, आणि ती मूळची जड नाणी आज दुर्मिळ आहेत.

चीनचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष युआन शिकाई यांचा 1914 चा डॉलर अमाप पाडला गेला, तो सहज मिळतो. 1928 चा ग्वेझो प्रांताचा डॉलर मात्र बघत बसावा असा: त्यावर चक्क मोटार आहे, आणि चाकांखालच्या गवताच्या पात्यांत राज्यपाल झोऊ शिचेंग यांचं नाव गुंफलंय. प्रजासत्ताकाचे प्रणेते सन यत-सेन यांच्या 1932 च्या डॉलरवर शिडाच्या जहाजावर तीन पाखरं आणि शेजारी उगवता सूर्य. मांचुरिया नुकताच जपानने गिळला होता. लोकांना पाखरांत जपानी विमानं दिसली, नाणं मागे घ्यावं लागलं. पुढच्या वर्षीच्या नाण्यावर ना पाखरं, ना सूर्य.

या इतिहासात मुंबईही आहे. पूर्वेकडच्या व्यापारासाठी 1895 पासून आपल्या टांकसाळीतही ब्रिटिश ट्रेड डॉलर पडू लागले. उभ्या ब्रिटानियाच्या त्रिशूळाच्या मधल्या टोकावर भिंग धरलं की इवलासा ‘बी’ दिसतो; ती मुंबईची खूण. मागे चिनी आणि मलय अक्षरं, वजन 26.95 ग्रॅम. हे वजन ध्यानात ठेवून तराजू जवळ बाळगावा, कारण हल्ली बनावट नाण्यांवर सराफांचे ठसेही बनावटच मारतात.

1934 मध्ये अमेरिकेने चढ्या भावाने चांदी खरेदी सुरू केली आणि चीनमधली चांदी बाहेर वाहू लागली. नोव्हेंबर 1935 मध्ये चीनने चांदी सोडून कागदी चलन पत्करलं. मुंबईचे ट्रेड डॉलरही त्याच साली थांबले. 1935 सालची बहुतेक नाणी वितळवली गेली, म्हणून लिलावात त्या सालाचा खरा नग आला की बोली चढतच जाते.