सामायिक मेलबॉक्स : पद, व्यक्ती आणि उत्तराची जबाबदारी

वऱ्हाडातील शेतजमिनीच्या कागदपत्रांत 'सामायिक विहीर' अशी नोंद पुष्कळदा आढळते. विहीर एक असते आणि तिच्यावर हक्क चार भावांचा असतो. परंतु केवळ हक्काच्या नोंदीने ओलित होत नाही. कोणत्या दिवशी पाणी कोणी घ्यावे याची पाळी ठरलेली असावी लागते, आणि पाळी मोडली की तंटा उभा राहतो. विद्यापीठांच्या कारभारात प्रचारात आलेल्या 'सामायिक मेलबॉक्स'चे मर्म समजून घेण्यास हा दृष्टान्त उपयोगी पडतो.

सामायिक मेलबॉक्स म्हणजे एखाद्या व्यक्तीच्या नव्हे, तर विभागाच्या, कक्षाच्या वा समितीच्या नावाने असलेला ईमेलचा पत्ता. त्यावर आलेले पत्र नेमलेल्या सर्वांना दिसते आणि त्यांपैकी कोणीही त्याच पत्त्यावरून उत्तर धाडू शकतो. एकच संकेतशब्द पाचजणांनी वाटून घेणे ही गोष्ट मात्र याहून अगदी निराळी होय. सामायिक मेलबॉक्समध्ये प्रत्येक सदस्य आपापल्या खात्याने प्रवेश करतो. त्यामुळे कोणास कोणता अधिकार आहे हे ठरविता येते आणि बदली होताच तो काढून घेता येतो. वाटून घेतलेल्या संकेतशब्दाने ही ओळखच पुसली जाते.

या व्यवस्थेची गरज कशी उत्पन्न होते हे पाहावयाचे तर अमरावती विद्यापीठाचे उदाहरण घ्यावे. १ मे १९८३ रोजी स्थापन झालेल्या आणि पुढे संत गाडगेबाबांचे नाव धारण केलेल्या या विद्यापीठाच्या कक्षेत अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा व वाशीम हे पाच जिल्हे येतात. दूरच्या गावी राहणाऱ्या विद्यार्थ्याला एका प्रमाणपत्राच्या चौकशीसाठी अमरावतीस खेप घालणे म्हणजे एक दिवस आणि एसटीचे भाडे खर्ची घालणे होय. ईमेल त्याची ही खेप वाचवू शकतो. परंतु तो पत्र कोणाला लिहितो यावर सारे अवलंबून असते. विभागप्रमुख बदलतात, लिपिकांची दुसऱ्या कक्षात नेमणूक होते, तासिका तत्त्वावरील अध्यापक वर्षअखेरीस निघून जातात. पत्रव्यवहार त्यांच्या खाजगी पत्त्यावर झालेला असेल, तर विभागाची स्मृतीही त्यांच्याबरोबर जाते. पदाच्या नावाचा पत्ता ही स्मृती विभागाकडे ठेवतो.

येथे एक भाषिक प्रश्न उपस्थित होतो. विभागाच्या नावाने आलेल्या पत्रात बोलतो कोण? हा प्रश्न संगणकाने प्रथमच निर्माण केला असे नाही. महाराष्ट्र शासनाच्या निर्णयाखाली 'महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने' असे शब्द येतात आणि सही मात्र सचिवालयातील अधिकाऱ्याची असते. विद्यापीठाच्या पत्राखाली 'कुलसचिवांकरिता' असे लिहून दुय्यम अधिकारी सही करतो. अर्व्हिंग गॉफमन यांनी १९७९ मधील एका निबंधात 'बोलणारा' या एकाच शब्दाची तीन भूमिकांत फोड केली : शब्द प्रत्यक्ष उच्चारणारा, शब्दांची रचना करणारा, आणि त्या शब्दांनी बांधला जाणारा. कचेरीच्या पत्रात या तिन्ही भूमिका बहुधा तीन निरनिराळ्या व्यक्तींकडे असतात.

ईमेलच्या रचनाकारांनीही हा भेद ओळखला होता. ऑगस्ट १९८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ईमेलविषयक प्रमाण-मसुद्यात पत्राचा कर्ता आणि पत्र धाडणारा यांच्यासाठी दोन वेगळी स्थाने ठेवलेली आहेत. कर्ते अनेक असतील तर धाडणारा म्हणून एकाचेच नाव दिले पाहिजे, असा त्यात दंडक आहे. मायक्रोसॉफ्टच्या व्यवस्थेत हाच भेद अधिकारांच्या रूपाने दिसतो. पहिला अधिकार केवळ पेटी उघडून वाचण्याचा व आवरण्याचा. दुसरा अधिकार पेटीच्याच नावाने धाडण्याचा. यात धाडणाऱ्याचे नाव पत्र मिळणाऱ्यास दिसत नाही. तिसरा अधिकार पेटीच्या वतीने धाडण्याचा. यात दोन्ही नावे दिसतात. हा तिसरा प्रकार म्हणजे आपल्या 'करिता'चेच नवे रूप होय.

मराठीत या प्रश्नाला आणखी एक अंग आहे. कारभाराच्या मराठीत 'कळविण्यात येते', 'कार्यवाही करण्यात येईल' अशी वाक्ये रूढ आहेत. त्यांत कर्त्याचा उल्लेख नसतो. कागदी पत्रात ही उणीव खालची सही भरून काढीत असे. सामायिक मेलबॉक्समधून निघालेल्या पत्रात सहीही नसेल, तर कर्ता व्याकरणातूनही जातो आणि कागदावरूनही जातो. 'आपण अर्ज तपासून घ्यावा' या वाक्यातील 'आपण' म्हणजे विद्यार्थी, हे संदर्भाने कळते. पण 'कार्यवाही करण्यात येईल' यातील कार्यवाही कोण करणार, हे विद्यार्थ्यास कळत नाही, आणि पुष्कळदा विभागातही कोणास ठाऊक नसते.

'बारभाईची शेती, काय लागेल हाती' ही म्हण येथे सार्थ ठरते. सामायिक पेटीत एकाने पत्र उघडले की ते सर्वांच्या दृष्टीने 'वाचलेले' होते. उघडणारा म्हणतो, दुसरा कोणी उत्तर देईल. दुसरा म्हणतो, पत्र उघडलेले आहे, अर्थी उत्तर गेले असेल. याच्या उलट दोष म्हणजे दोघांनी दोन उत्तरे देणे. मायक्रोसॉफ्टच्या व्यवस्थेत वेगळी योजना केलेली नसेल, तर धाडलेल्या पत्राची प्रत सामायिक पेटीत न राहता धाडणाऱ्याच्या स्वतःच्या पेटीत जाऊ शकते; मग काय उत्तर गेले हे सहकाऱ्यांना दिसतच नाही.

हा दोष किती महागात पडू शकतो याची कल्पना अकोल्याकडे पाहिल्यास येईल. तेथील डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची स्थापना २० ऑक्टोबर १९६९ रोजी झाली आणि विदर्भाचे अकराही जिल्हे त्याच्या कार्यक्षेत्रात येतात. २०१७ च्या खरिपात कपाशीवर गुलाबी बोंडअळीचा मोठा प्रादुर्भाव झाला, आणि त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले. अशा हंगामात एखाद्या शेतकऱ्याने पोखरलेल्या बोंडाचे छायाचित्र कोणत्याही कृषी विभागाच्या पत्त्यावर धाडले, आणि त्याला औषधाच्या मात्रेविषयी दोन परस्परविरुद्ध उत्तरे गेली, अथवा एकही गेले नाही, असे समजा. ती केवळ कारकुनी चूक म्हणता येणार नाही.

कायद्याची दृष्टीही ध्यानात ठेवली पाहिजे. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० ने इलेक्ट्रॉनिक अभिलेखास मान्यता दिली. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ मध्ये 'माहिती'च्या व्याख्येत ईमेलचा स्पष्ट उल्लेख असून अर्जास सामान्यतः तीस दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. पत्रव्यवहार विभागाच्या पेटीत सुस्थित असेल तर हे सुलभ होते. खाजगी खात्यांत विखुरलेला असेल तर दुष्कर होते. उलटपक्षी, पेटी अनेकांना खुली असते. म्हणून विद्यार्थ्याचे आजारपण, तक्रार वा जातीचे प्रमाणपत्र यांसारखे विषय सर्वसाधारण पेटीत न ठेवता मोजक्या व्यक्तींना खुल्या असलेल्या निराळ्या पत्त्याकडे वळविणे इष्ट होय.

या विवेचनातून काही नियम सहज निष्पन्न होतात. पहिला, पेटीची पाळी ठरवावी : आठवड्यातील कोणत्या दिवशी नवी पत्रे कोणी पाहावयाची, हे लेखी असावे. दुसरा, प्रत्येक पत्र एका व्यक्तीच्या नावे लावावे. गूगलच्या गटपेटीत पत्र नेमून देण्याची व ते पूर्ण झाल्याची खूण करण्याची सोय आहे, आणि जेथे ती नाही तेथे रंगाची खूणही पुरते. 'वाचले' आणि 'निकालात काढले' या दोन गोष्टी कधीही एक मानू नयेत. तिसरा, धाडलेल्या पत्राची प्रत सामायिक पेटीतच राहील अशी योजना संगणक कक्षाकडून करून घ्यावी. चौथा, सत्र संपताच सदस्यांची यादी तपासून गेलेल्यांचे अधिकार काढावेत. पाचवा, उत्तर विभागाच्या नावाने गेले तरी त्याखाली लिहिणाऱ्याचे नाव व पदनाम असावे.

कचेऱ्यांतील आवक-जावक नोंदवही हेच काम करीत आली आहे. पत्र कोणत्या तारखेस आले, कोणाकडे दिले, केव्हा निकालात निघाले, या तीन रकान्यांत जबाबदारीची सारी साखळी सामावलेली असे. सामायिक मेलबॉक्समध्ये पहिला रकाना यंत्र आपोआप भरते. उरलेले दोन मात्र विभागातील माणसांनीच भरावयाचे असतात. ते भरले गेले, तर बुलढाण्याच्या विद्यार्थ्याची अमरावतीची खेप खरोखरच वाचेल.