विष खाणारे जिवाणू आणि विष फवारणारे हात

मांजरी म्हटले की बहुतेकांना सिरमचा लसीचा कारखाना आठवतो. पण याच मांजरीत, सोलापूर रस्त्यावर, १९९७ पासून राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रही आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी द्राक्षवेलीवरून आणि तिच्या मुळांजवळच्या मातीतून बॅसिलस सबटिलिस या जिवाणूचे चार वाण वेगळे काढले. डीआर-३९, सीएस-१२६, टीएल-१७१ आणि टीएस-२०४ अशी त्यांची नावे. प्रोफेनोफॉस हे कीटकनाशक ते मोडतात का, हे द्रवात, द्राक्षमण्यांवर आणि मातीत तपासले. २०१३ साली हे काम प्रसिद्ध झाले. जिथे जिवाणू सोडले तिथे विष लवकर उतरले.

नर्सिंगला असताना जंतू म्हणजे शत्रू, एवढेच आमच्या डोक्यात भरवले होते. ड्रेसिंगचे ड्रम ज्या ऑटोक्लेव्हमध्ये वाफवायचे, त्यातच शास्त्रज्ञ माती वाफवतात. तिच्यातले जीव मेले की असे विष तिच्यात जास्त दिवस टिकून राहते. म्हणजे शेत धुऊन काढण्याचे बरेचसे काम हे न दिसणारे जीवच करत असतात.

प्रोफेनोफॉसच्या रेणूत फॉस्फरसचा एक सांधा असतो. जिवाणूचे विकर तो सांधा तोडते. पुढे उरलेला तुकडा दुसऱ्या जातीचा जिवाणू खातो, त्यातून उरलेले तिसरा. एकट्याचे हे काम नाही, त्याला टोळी लागते. १९७३ साली एन. सेतुनाथन या भारतीय शास्त्रज्ञाने आपल्या सहकाऱ्यासोबत फिलिपिन्समधल्या भातखाचरातून डायझिनॉन हे विष मोडणारा जिवाणू शोधला, तेव्हापासून जगभर ही शोधाशोध चालू आहे. या टोळीला अन्न लागते ते शेणखताचे, पालापाचोळ्याचे. नुसत्या रासायनिक खतावर राबवलेल्या मातीत ती रोडावते.

पण सगळीच विषे अशी मोडत नाहीत. डीडीटी वर्षानुवर्षे मातीत राहते. ते तुटले तरी त्यातून डीडीई होते, आणि तेही तितकेच चिवट असते.

आता आमच्या खऱ्या विषयाकडे येतो. हेच प्रोफेनोफॉस सायपरमेथ्रिनमध्ये मिसळून कपाशीवर फवारतात. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात पडले. त्या नोव्हेंबरात सरकारने यवतमाळसह पाच जिल्ह्यांत पाच कीटकनाशकांवर बंदी घातली. त्यात हे मिश्रणही होते. बंदी किती दिवसांची? साठ!

युरोपला जाणाऱ्या द्राक्षात विषाचा अंश किती, हे प्रयोगशाळेत मोजूनच पेटी बाहेर पडते. पंप पाठीवर घेणाऱ्याचे कोण मोजतो? ही विषे शरीरातले कोलिनेस्टरेज बंद पाडतात. रक्त तपासून ते कळते. फवारणीच्या हंगामात ही तपासणी ग्रामीण रुग्णालयात मोफत व्हावी, ही आमची मागणी आहे. मांजरीचे जिवाणू द्राक्ष आणि माती धुतील, मजुराचे रक्त नाही.

आपल्या वस्तीतून कोणी फवारणीला किंवा फवारलेल्या बागेत विरळणी-तोडणीला जात असेल, तर घरच्यांनी लक्षणे ओळखावीत. तोंडाला लाळ सुटते, दरदरून घाम येतो, पोटात मुरडा, उलटी, जुलाब होतात. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, छाती घरघरते, अंगाचे मांस फडफडते. याला ऊन लागले म्हणून लिंबूपाणी देत बसू नका. माणसाला शेताबाहेर आणा, कपडे काढा, साबणाने अंग आणि केस धुवा. धुणाऱ्याने हातात प्लॅस्टिकची पिशवी तरी घालावी. बोटे घालून उलटी काढू नका. १०८ ला फोन करा. विषाची बाटली सोबत न्या. नाव वाचले की डॉक्टरांना अ‍ॅट्रोपिनचा निर्णय लवकर घेता येतो.

फवारणीचे कपडे लेकरांच्या कपड्यांत भिजवू नयेत, रिकाम्या कॅनमध्ये पाणी तर मुळीच भरू नये. आणि कामाचा दर ठरवतानाच बाया-गड्यांनी मालकाकडून हातमोजे, मास्क, साबण आणि बांधावर धुण्यापुरते पाणी मागून घ्यावे. दर ठरल्यावर मागितले तर मिळत नाही, हा आमचा नेहमीचा अनुभव आहे.