वॉकर, मोझेस फ्लीटवुड

(७ ऑक्टोबर १८५६–११ मे १९२४). अमेरिकेतील आरंभीच्या कृष्णवर्णीय व्यावसायिक बेसबॉलपटूंपैकी एक. जन्म ओहायओ राज्यातील मौंट प्लेझंट येथे. ओबर्लिन महाविद्यालय व मिशिगन विद्यापीठ येथे शिकत असतानाच त्याने खेळात नाव मिळविले; पदवी मात्र त्याने घेतली नाही. १८८३ मध्ये तो टोलीडो संघात कॅचर म्हणून दाखल झाला. पुढील वर्षी हा संघ ‘अमेरिकन असोसिएशन’ या प्रमुख लीगमध्ये आला आणि १ मे १८८४ रोजी वॉकर तिच्यातील पहिला सामना खेळला. विल्यम एडवर्ड व्हाइट हा १८७९ मध्ये अशाच लीगमध्ये एक सामना खेळला होता. परंतु तो गौरवर्णीय म्हणून वावरत असे.

फलंदाजामागे राहून पिचरचा चेंडू झेलणे, हे कॅचरचे काम. आजच्यासारखे जाड हातमोजे तेव्हा नसल्याने बोटे दुखावणे नित्याचेच होते. वॉकरच्या बाबतीत त्यात आणखी एका गोष्टीची भर पडली. कोणता चेंडू टाकावा, याची खूण कॅचर करतो. पण संघातील पिचर टोनी मलेन कृष्णवर्णीयाची खूण मानीत नसे व मनास येईल तसा चेंडू टाकी. वॉकर हा आपल्याला लाभलेला सर्वोत्तम कॅचर होता, असेही मलेननेच पुढे सांगितले. अशा स्थितीत ४२ सामन्यांत वॉकरने ०·२६३ ही फलंदाजीची सरासरी राखली. ती लीगच्या एकूण सरासरीहून सरस होती. दुखापतींमुळे हंगामाच्या अखेरीस त्याला संघातून मुक्त करण्यात आले.

शिकागो संघाचा कर्णधार कॅप ॲन्सन याने १८८३ मध्येच वॉकरविरुद्ध खेळण्यास नकार दिला होता. प्रवेशशुल्काचे उत्पन्न बुडेल, हे दिसताच तो नमला. १४ जुलै १८८७ रोजी नूअर्क येथे मात्र वॉकर व पिचर जॉर्ज स्टोव्ही यांना शिकागोविरुद्ध खेळविण्यात आले नाही. त्याच दिवशी इंटरनॅशनल लीगच्या संचालकांनी कृष्णवर्णीयांशी नवे करार न करण्याचा ठराव बहुमताने केला. सर्व दोष ॲन्सनच्या माथी मारण्याचा प्रघात आहे. तथापि ठरावावर मते देणारे संघमालक होते. वॉकर १८८९ पर्यंत सिरॅक्यूज संघात टिकला. त्यानंतर या लीगमध्ये कृष्णवर्णीय खेळाडू आला तो १९४६ मध्ये, जॅकी रॉबिन्सनच्या रूपाने.

सिरॅक्यूज येथे १८९१ मध्ये गोऱ्यांच्या एका टोळक्याशी झालेल्या झटापटीत वॉकरच्या हातून एकजण मारला गेला; खटल्यात तो निर्दोष सुटला. पुढे त्याने कॅडिझ येथे नाट्यगृह चालविले व चित्रपटयंत्रासंबंधीची एकस्वे मिळविली. कृष्णवर्णीयांनी अमेरिका सोडून आफ्रिकेत जावे, असे प्रतिपादन त्याने १९०८ मधील आपल्या पुस्तकात केले. क्लीव्हलँड येथे त्याचे निधन झाले. स्ट्यूबेनव्हिल येथील त्याच्या थडग्यावर अनेक दशके नावाचा दगडही नव्हता.