कोणाशी खेळायचं? कॉलेज बास्केटबॉलमधला रँकिंगचा अल्गोरिदम

तुमच्या कॉलेजची बास्केटबॉल टीम वर्षात किती सामने खेळते? बहुतेकांचं उत्तर येईल, "दोन-तीन." त्यात समोर कोण येणार, हे ड्रॉच्या चिठ्ठीवर अवलंबून. अमेरिकेत मात्र कॉलेज टीमचा कोच दरवर्षी दहा-बारा प्रतिस्पर्धी स्वतः शोधतो, त्यांच्याशी करार करतो आणि काही वेळा त्यासाठी पैसेही मोजतो. ही निवड फसली, तर वर्षभर जिंकत राहिलेली टीमसुद्धा मुख्य स्पर्धेबाहेर बसते. या सगळ्यामागे एक रँकिंगचा अल्गोरिदम आहे. तो कसा चालतो आणि त्यातलं आपल्या कामाचं काय, ते समजून घेऊया.

आधी रचना बघू

अमेरिकेत कॉलेजचे खेळ एनसीएए ही संस्था चालवते. तिच्या सर्वांत वरच्या पातळीवर, म्हणजे डिव्हिजन वनमध्ये, साडेतीनशेहून जास्त कॉलेजं बास्केटबॉल खेळतात. ती 'कॉन्फरन्स' नावाच्या गटांत विभागलेली असतात. एका टीमचे वर्षाला साधारण ३० सामने होतात. त्यातले बरेचसे आपल्याच कॉन्फरन्समध्ये असतात आणि त्यांचं वेळापत्रक कॉन्फरन्स ठरवते. उरलेल्या दहा-बारा सामन्यांत कोणाशी खेळायचं, हे टीमच्या हातात असतं. यांनाच नॉन-कॉन्फरन्स सामने म्हणतात.

मार्चमध्ये मुख्य स्पर्धा होते. २०२५ मध्ये पुरुषांच्या स्पर्धेत ६८ टीम होत्या. ३१ टीम आपापली कॉन्फरन्स जिंकून थेट आल्या, तर ३७ टीम निवड समितीने घेतल्या. मोठ्या, श्रीमंत कॉन्फरन्समधल्या टीमना घरबसल्या तगडे प्रतिस्पर्धी मिळतात. मधल्या फळीच्या टीमना, ज्यांना 'मिड-मेजर' म्हणतात, ते बाहेरून शोधावे लागतात. त्यामुळे समितीला प्रभावित करायची त्यांची खरी संधी म्हणजे हेच दहा-बारा सामने.

जुना फॉर्म्युला: तुमच्यापेक्षा समोरच्याला जास्त वजन

१९८१ पासून आरपीआय नावाचा फॉर्म्युला वापरात होता. त्यात तुमच्या स्वतःच्या विजयाच्या टक्केवारीला फक्त २५ टक्के वजन होतं. प्रतिस्पर्ध्यांच्या टक्केवारीला ५० टक्के आणि प्रतिस्पर्ध्यांच्या प्रतिस्पर्ध्यांच्या टक्केवारीला २५ टक्के. म्हणजे तीन चतुर्थांश गुण 'तुम्ही कोणाशी खेळलात' यावरून यायचे! अगदी कमजोर टीमला हरवूनही तुमचा आरपीआय खाली येऊ शकत होता. हुशार कोच मग जिंकायच्या तयारीइतकंच डोकं वेळापत्रक बनवण्यात लावू लागले.

आत्ताचा फॉर्म्युला: नेट

२०१८-१९ च्या सीझनपासून पुरुषांसाठी 'नेट' आलं. (हे इंटरनेटवालं नेट नाही, रँकिंगचं नाव आहे.) २०२० पासून त्याचे दोन मुख्य भाग आहेत. पहिला भाग कोणाला, कुठे हरवलं ते बघतो. दुसरा भाग कार्यक्षमता मोजतो, म्हणजे चेंडू ताब्यात आल्यावर तुम्ही किती गुण करता आणि समोरच्याला किती करू देता. त्यात प्रतिस्पर्ध्याची ताकद आणि सामन्याची जागा यांचाही हिशोब होतो.

यावर समिती प्रत्येक सामना चार कप्प्यांत टाकते. पहिला कप्पा सर्वांत अवघड सामन्यांचा. पुरुषांच्या स्पर्धेत त्याची सीमा अशी आहे: स्वतःच्या कोर्टवर १ ते ३० क्रमांकाची टीम, तटस्थ कोर्टवर १ ते ५०, आणि दुसऱ्याच्या कोर्टवर १ ते ७५.

समजा, प्रतिस्पर्धी ६० व्या क्रमांकावर आहे. त्यांच्याकडे जाऊन खेळलात तर तो सामना पहिल्या कप्प्यात जातो. त्यांनाच आपल्याकडे बोलावलंत तर दुसऱ्या कप्प्यात. टीम त्याच, फक्त जागा बदलली की सामन्याची किंमत बदलते.

मग मोठ्या टीम 'हो' का म्हणत नाहीत?

मोठ्या टीमच्या बाजूने विचार करा. चांगल्या मिड-मेजरकडे जाऊन खेळायचं तर हरण्याची भीती खरी असते आणि हरलो तर नाव जातं. त्यापेक्षा एखाद्या कमजोर टीमला हजारो डॉलर देऊन आपल्याकडे बोलावणं सोपं. त्या टीमलाही आपला खेळाचा खर्च भागवायला पैसे मिळतात. मधल्या मधे अडकते ती चांगली मिड-मेजर: हरवायला अवघड आणि हरवून नाव होईल इतकी मोठीही नाही.

२०२४ मध्ये इंडियाना स्टेटचं हेच झालं. २८ विजय, फक्त ६ पराभव, नेटमध्ये पहिल्या तीसात. पण कॉन्फरन्सचा अंतिम सामना हरले, पहिल्या कप्प्यातला विजय एकच होता, आणि समितीने त्यांना घेतलं नाही.

याच्या उलट उदाहरण गोंझागाचं. छोट्या कॉन्फरन्समधली ही टीम वर्षानुवर्षं मोठ्या टीमशी त्यांच्या कोर्टवर आणि तटस्थ कोर्टवर खेळत राहिली. २०१७ आणि २०२१ मध्ये ती थेट अंतिम सामन्यात पोहोचली.

फॉर्म्युला फक्त खेळ मोजत नाही, तो खेळणाऱ्यांचं वागणंही बदलतो. फुटबॉलमध्येही हे दिसलं. फिफाच्या जुन्या रँकिंगमध्ये मैत्रीपूर्ण सामन्यांनी सरासरी खाली यायची. पोलंडने ते सामने जवळपास टाळले आणि २०१८ च्या वर्ल्ड कपच्या ड्रॉमध्ये पहिल्या गटात जागा मिळवली. वर्ल्ड कपमध्ये मात्र ते आपल्या गटात शेवटचे आले. रँकिंग सुधारलं म्हणून खेळ सुधारतोच असं नाही.

आता कर्वेनगरला येऊ

कर्वेनगरात कमिन्स हे मुलींचं इंजिनिअरिंग कॉलेज आहे. शेजारी कोथरूडमध्ये एमआयटी, शिवाजीनगरला सीओईपी, पलीकडे फर्ग्युसन. विद्यापीठाच्या स्पर्धा विभागवार होतात, पुढे आंतरविभागीय फेरी, आणि निवडलेली विद्यापीठाची टीम पश्चिम विभागाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धेला जाते. या वाटेवर नेट वगैरे काही नाही. जिंकलात तर पुढे, हरलात तर घरी.

बाद पद्धतीचं गणित कठोर असतं. ३२ टीम असतील तर १६ टीम एकच सामना खेळतात आणि ८ टीम दोनच. म्हणजे चारातल्या तीन टीमचा सीझन जास्तीत जास्त दोन सामन्यांत संपतो. सप्टेंबरपर्यंत रोज सकाळी सहाला सराव करणाऱ्या मुलींना एवढ्यात स्वतःची पातळी कशी कळणार? आपल्याकडचे नॉन-कॉन्फरन्स सामने म्हणजे सरावाचे सामने आणि सीओईपीचा झेस्ट, एमआयटीचा समिट यांसारखे क्रीडा महोत्सव. खरं शिकणं तिथेच होतं.

यात आपला एक मोठा फायदा आहे. इथे सरावाचा सामना हरलं तर कुणाचं रँकिंग पडत नाही. त्यामुळे तगड्या टीमला 'नाही' म्हणायला कारणच उरत नाही. अडचणी असतात त्या कोर्टाची वेळ, परीक्षा आणि रात्री परतायच्या पीएमपीच्या. त्या एका फोनने सुटू शकतात.

स्वतःचं रँकिंग, मोबाइलवर

प्रतिस्पर्धी निवडायला बुद्धिबळातलं एलो रेटिंग पुरेसं आहे. गूगल शीट्समध्ये दहा मिनिटांत होतं.

१. प्रत्येक कॉलेजला सुरुवातीला १५०० गुण द्या.

२. समोरच्याच्या गुणांतून आपले गुण वजा करा. त्या फरकाला ४०० ने भागा, १० चा तेवढा घात काढा, त्यात १ मिळवा आणि १ ला त्या उत्तराने भागा. आलेली संख्या म्हणजे तुमची जिंकण्याची शक्यता.

३. सामन्यानंतर निकाल (जिंकलात तर १, हरलात तर ०) वजा शक्यता, गुणिले ३२. तेवढे गुण तुमच्यात मिळवा आणि समोरच्याचे तेवढेच कमी करा. उत्तर उणे आलं तर उलट.

तुम्ही १५०० आणि समोरचे १७०० असतील तर शक्यता ०.२४. जिंकलात तर साधारण २४ गुण वाढतात, हरलात तर ८ च जातात. १३०० वाल्या टीमशी खेळलात तर नेमकं उलटं: जिंकून ८, हरून वजा २४.

दोन-चार सामन्यांत हे आकडे पक्के होणार नाहीत, त्यांना वेळ द्या. पण वेळापत्रक ठरवताना एक साधा नियम वापरा. जिंकायची शक्यता ०.३ ते ०.७ च्या मधे असेल, तर तो सामना सर्वांत जास्त शिकवतो. ०.९ वाल्या सामन्याचा निकाल आधीच माहीत असतो. आठ सामने मिळणार असतील तर चार-पाच बरोबरीच्या टीमशी ठेवा, दोन-तीन आपल्यापेक्षा तगड्यांशी, आणि एखादा नवख्या टीमशी. नवख्या टीमलाही कुणीतरी तगडं लागतंच की.

शीट बनवलीत तर ती दुसऱ्या कॉलेजांबरोबरही शेअर करा. पाच-सहा टीम त्यात निकाल भरू लागल्या, की पुढचा सामना कोणाशी ठरवायचा हे ड्रॉच्या चिठ्ठीआधीच दिसायला लागेल.