रात्रीच्या शिंकांचे मूळ अंथरुणात

दिंडोशीत डोंगराकडच्या आपल्या घरांत पावसाळा सरला तरी भिंतींची ओल लवकर हटत नाही. दिवसा बरा असलेला माणूस रात्री आडवा झाला की शिंका येतात, नाक चोंदते, झोपमोड होते. ताप नाही आणि आठवडे उलटले तरी सर्दी जात नाही, तर ती ॲलर्जी असू शकते. गादी-उशीतले, डोळ्यांना न दिसणारे धुळीचे किडे ओलाव्यात वाढतात. आडवे झाल्यावर नाकातली सूजही वाढते.

म्हणून चादरी, अभ्रे दर आठवड्याला कडक गरम पाण्यात धुवावेत. झोपण्याआधी झाडू मारू नये. ओल्या फडक्याने पुसावे. एकाच खोलीचे घर असेल तर संध्याकाळच्या वंदनेला अगरबत्तीऐवजी फुले पुरेत.

नाक मोकळे करणारे औषधाचे थेंब मेडिकलमधून आणून आपण महिनोन्‌महिने वापरतो. ते तीन-चार दिवसांपलीकडे घेतले तर नाक उलट जास्त चोंदते. डॉक्टरांनी स्टेरॉइडचा नाकातला फवारा दिला, तर नावाला भिऊन सोडू नये. तो रोज घ्यावा. पूर्ण गुण यायला एक-दोन आठवडे लागतात.

छातीत घरघर किंवा धाप असेल तर दमा असू शकतो. अशा वेळी घरगुती उपायांत वेळ न घालवता लगेच दवाखाना गाठावा.