अपडेट टाकलं आणि फोन मंदावला

खिशातलं यंत्र : लेखांक ९

स्टोरेजवरचा गेल्या आठवड्यातला लेख वाचून जी पत्रं आली, त्यांतल्या बहुतेकांचा रोख एकाच प्रश्नाकडे होता. फोटो पुसले, जागा रिकामी केली, तरी फोन रखडतोच. आणि हे सगळं अमुक एक अपडेट टाकल्यापासून सुरू झालं. लोकांनी नवा फोन घ्यावा म्हणून कंपन्या हे मुद्दाम करतात का?

शंका जुनी आहे आणि ती हसण्यावारी नेण्यासारखी मुळीच नाही. २०१४ साली सेंधिल मुल्लैनाथन या अर्थशास्त्रज्ञांनी न्यूयॉर्क टाइम्समध्ये एका पाहणीबद्दल लिहिलं होतं. ‘आयफोन स्लो’ हे शब्द लोक गूगलवर कधी शोधतात, हे हार्वर्डमधल्या पीएचडीच्या एका विद्यार्थिनीने तपासलं होतं. नवा आयफोन बाजारात आला की या शोधाचा आलेख उसळी घ्यायचा. सॅमसंग गॅलेक्सीच्या बाबतीत तसं दिसत नव्हतं. एवढ्यावर निकाल देऊन टाकायचा मोह कुणालाही झाला असता. मुल्लैनाथन यांनी तो टाळला. नव्या आयफोनबरोबर नवी आयओएसही येते आणि जुने फोनवाले ती लगोलग टाकतात. अँड्रॉइडची नवी आवृत्ती मात्र वेगवेगळ्या फोनांवर वेगवेगळ्या वेळी, रेंगाळत पोचते. त्यामुळे तक्रारी एकदम उसळण्याचं एक साधं कारणही असू शकतं, हे त्यांनी वाचकांपुढे ठेवलं. लोकांचा वैताग खरा होता, पण तो कशामुळे, हे त्या आलेखातून कळत नव्हतं.

मग ऑक्टोबर २०१७ मध्ये फिनलंडच्या फ्युचरमार्क कंपनीने आपल्याकडचे आकडे बाहेर काढले. फोनची ताकद मोजणारी ‘थ्रीडीमार्क’ ही चाचणी तिची. आयफोन ५ एसपासून ७ पर्यंतच्या फोनांचे एक लाखाहून अधिक निकाल तिच्याकडे होते. महिन्या-महिन्याची सरासरी काढली, तर वेग जवळजवळ जागच्या जागी. जुने फोन मुद्दाम मंद केले जात नाहीत, असा निष्कर्ष निघाला. अनेकांनी विषय संपला असं मानलं.

तो संपला नव्हता. डिसेंबर २०१७ मध्ये आयफोन ६ एस वापरणाऱ्या एकाच्या लक्षात आलं, की आपल्या फोनपेक्षा भावाचा त्याहून जुना ६ प्लस चपळ चालतोय. त्याने ‘गीकबेंच’ नावाची चाचणी चालवली. प्रोसेसरच्या एका कोअरचे गुण आले १,४६६. मग त्याने बॅटरी बदलली. फोन तोच, आयओएस तीच, ॲप्सही तीच. आता गुण आले २,५२६.

हे आकडे पुन्हा एकदा बघा. बॅटरीचं काम वीज देण्याचं, हिशेब करण्याचं काम प्रोसेसरचं. नवी बॅटरी घातली म्हणून फोन जास्त वेळ चालला तर ते समजू शकतं. तो पाऊणपट अधिक वेगाने कसा काय धावेल?

गीकबेंच बनवणाऱ्या टोरांटोच्या प्रायमेट लॅब्जचे संस्थापक जॉन पूल यांच्याकडे जगभरच्या फोनांचे निकाल पडलेले होते. १८ डिसेंबरला त्यांनी ते मांडले, आणि मांडण्याची त्यांची पद्धत मला या सगळ्या प्रकरणातली सर्वांत शिकण्यासारखी गोष्ट वाटते. त्यांनी सरासरी काढलीच नाही. किती फोनांना किती गुण मिळाले, याचा आलेख त्यांनी आयओएसच्या आवृत्त्यांप्रमाणे वेगवेगळा काढला. आयओएस १०.२ वर चालणाऱ्या ६ एसच्या आलेखाला एकच उंच टोक होतं. जवळपास सगळे फोन सारख्याच वेगाचे, जसे असायला हवेत तसे. १०.२.१ या पुढच्याच आवृत्तीत ते टोक होतं तिथेच राहिलं, पण त्याच्या डावीकडे, कमी गुणांच्या बाजूला, छोटे छोटे उंचवटे उगवले होते. ११.२ मध्ये ते आणखी ठळक झाले. आयफोन ७ मध्येही ११.२ आल्यावर तेच.

फोन नुसते जुने होऊन थकत गेले असते, तर ते टोक पसरट होत डावीकडे कलंडलं असतं. वेगळे, सुटे उंचवटे दिसले याचा अर्थ काही फोन ठरावीक पायऱ्यांवर आणून ठेवले जात होते. आणि हे जेमतेम एका आवृत्तीच्या फरकाने झालं, म्हणजे ते कुणीतरी प्रोग्रॅममध्ये लिहिलेलं होतं. बहुसंख्य फोन ठणठणीत असतील तर अशा मूठभर मंदावलेल्यांमुळे सरासरी फारशी हलत नाही. ज्याच्या हातातला फोन मंद झालाय, त्याला त्या सरासरीचा काय उपयोग?

दोनच दिवसांनी, २० डिसेंबरला, ॲपलने मान्य केलं. होय, बॅटरी म्हातारी झालेल्या फोनांत प्रोसेसरचा वेग गरजेनुसार उतरवण्याची सोय आम्ही केली आहे. फोन अचानक बंद पडू नये म्हणून.

हे कारण खोटं नव्हतं, म्हणून ते नीट समजून घेऊ. २०१६ च्या अखेरीस आयफोन ६ आणि ६ एस चालता चालता मान टाकत होते, तेही बॅटरीवर बरेच टक्के शिल्लक दिसत असताना. चीनच्या ग्राहक संघटनेने त्या नोव्हेंबरात ॲपलकडे याची चौकशीही मागितली होती. लिथियम-आयन बॅटरी जुनी होते तेव्हा दोन गोष्टी घडतात. तिच्यात मावणारी वीज कमी होते, हे आपल्याला अनुभवाने ठाऊक असतं. दुसरी गोष्ट दिसत नाही. तिचा आतला रोध वाढतो. जुन्या इमारतीतल्या नळाच्या पाइपात क्षार साचावेत तसं हे आहे. गच्चीवरची टाकी अर्धी भरलेली असते आणि एक नळ सोडला तर काही जाणवत नाही, पण शेजारचे दोन एकदम सोडले की धारच तुटते.

आकड्यांत सांगायचं तर, समजा बॅटरीचा आतला रोध ०.१ ओहम आहे आणि कॅमेरा उघडताना प्रोसेसरने क्षणभर ३ अँपिअर वीज ओढली. व्होल्टेज ०.३ ने उतरेल. रोध ०.३ ओहमवर गेला असेल, तर तेवढ्याच कामाला ते ०.९ ने कोसळेल. ३.७ व्होल्टवर असलेली बॅटरी क्षणार्धात २.८ वर. एवढ्या कमी व्होल्टेजवर आतले भाग बिघडण्याची भीती असते, म्हणून फोन स्वतःला बंद करून घेतो. कडाक्याच्या थंडीत आणि बॅटरी उतरत आलेली असताना हे आणखी लवकर होतं. यावर उपाय दोनच. बॅटरी बदला, नाहीतर प्रोसेसरला सांगा की एवढी वीज एकदम मागू नकोस. म्हणजे हळू चाल.

जानेवारी २०१७ मधल्या १०.२.१ ने दुसरा उपाय केला. इंजिनिअरच्या नजरेने बघितलं तर तो शहाणपणाचा होता. रस्त्यात, रात्री, घरी फोन लावायची वेळ आली असताना बंद पडणाऱ्या फोनपेक्षा संथ फोन केव्हाही बरा. फेब्रुवारीत कंपनीने अभिमानाने सांगितलंही, की अचानक बंद पडण्याचं प्रमाण ६ एसमध्ये ८० टक्क्यांनी आणि ६ मध्ये ७० टक्क्यांनी घटलं. ते कसं घटवलं, त्याची किंमत कोणी मोजली, हे सांगितलं नाही. फोनच्या पडद्यावर ‘तुमची बॅटरी जुनी झाली आहे, म्हणून वेग कमी केला आहे’ अशी एक ओळ यायला हवी होती. ती जवळजवळ वर्षभर आली नाही.

माझा सगळा आक्षेप या न आलेल्या ओळीवर आहे. अमेरिकेत बॅटरी बदलायला ७९ डॉलर पडत, आपल्याकडे करांव्यतिरिक्त सुमारे साडेसहा हजार रुपये. नवा फोन त्याच्या कितीतरी पट. फोन संथ झाला की माणूस काय समजतो? की फोनचंच आयुष्य सरलं. बॅटरीचा संशय त्याला येतच नाही, कारण बॅटरी तर अजून दुपारपर्यंत टिकतेय. पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर दुरुस्तीच्या टेबलामागे बसलेला मुलगा स्क्रीन उचलून आत बघतो, बॅटरीखालची चिकटपट्टी ओढून काढतो आणि नवी बॅटरी बसवतो. हे काम चहा संपेपर्यंत होतं. पण त्याच्यापर्यंत पोचायला मुळात दुखणं कुठे आहे ते माहीत असावं लागतं. ते ज्याला पक्कं माहीत होतं, तोच नवे फोन विकत होता. हेतू काहीही असो, न सांगण्याचा फायदा त्यालाच होणार होता.

२८ डिसेंबर २०१७ ला ॲपलने ग्राहकांची माफी मागितली आणि २०१८ च्या अखेरपर्यंत बॅटरी २९ डॉलरमध्ये बदलून द्यायचं जाहीर केलं. भारतात तो दर दोन हजार रुपये अधिक कर असा होता. मार्च २०१८ च्या आयओएस ११.३ मध्ये ‘बॅटरी हेल्थ’ हे पान आलं आणि वेगावरचा लगाम बंद करण्याची सोयही. पुढे काय झालं? २ जानेवारी २०१९ ला टिम कुक यांनी गुंतवणूकदारांना पत्र लिहून उत्पन्नाचा अंदाज खाली आणला. त्याची जी कारणं त्यांनी दिली, त्यांत एक हेही होतं, की बॅटरी स्वस्तात बदलून मिळाल्यामुळे लोकांनी फोन बदलले नाहीत. हे वाक्य कंपनीच्या टीकाकारांपैकी कुणाचं नाही, खुद्द तिच्या प्रमुखाचं आहे.

दंडांची यादी लांबलचक आहे. फ्रान्सने फेब्रुवारी २०२० मध्ये, माहिती न दिल्याबद्दल, अडीच कोटी युरोंचा दंड केला. अमेरिकेत तीसहून अधिक राज्यांशी ११ कोटी ३० लाख डॉलरची तडजोड झाली आणि ग्राहकांचा दावा ५० कोटी डॉलरपर्यंतच्या रकमेवर मिटला. इटलीचा निकाल मात्र जरा थांबून बघावा असा आहे, कारण त्यात सॅमसंगही आहे. ऑक्टोबर २०१८ मध्ये तिथल्या स्पर्धा प्राधिकरणाने ॲपलला एक कोटी आणि सॅमसंगला ५० लाख युरोंचा दंड ठोठावला. सॅमसंगने प्रोसेसरला लगाम घातल्याचा आरोप नव्हता. नोट ७ साठी बेतलेलं अँड्रॉइड मार्शमेलो २०१४ च्या नोट ४ वर टाका, असा लकडा तिने ग्राहकांमागे लावला आणि त्या जुन्या फोनला ते पेलेल का, हे सांगितलं नाही. शिवाय परत मागे फिरण्याची सोपी वाटही ठेवली नाही.

म्हणजे अपडेटनंतर मंदावणारा प्रत्येक फोन एकाच दुखण्याने आजारी नसतो. नवी आवृत्ती नव्या फोनची रॅम डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेली असते, जुन्याला ती जड जाते. गूगलचा २०१२ चा नेक्सस ७ हा टॅबलेट याचं बोलकं उदाहरण आहे. वापरून वापरून त्याची साठवणूक संथ झाली होती, कारण पुसलेल्या जागेची साफसफाई नीट होत नव्हती. २०१३ च्या अँड्रॉइड ४.३ ने ती साफसफाई सुरू केली आणि टॅबलेट पुन्हा चालायला लागला. पुढच्याच वर्षी अँड्रॉइडची लॉलीपॉप ही आवृत्ती आली आणि १ जीबी रॅमच्या त्याच टॅबलेटचा जीव मेटाकुटीला आला. एका अपडेटने तारलं, दुसऱ्याने बुडवलं. उलट बाजूने, २०१८ च्या आयओएस १२ मध्ये ॲपलने जुन्या फोनांच्या वेगावरच मेहनत घेतली होती, आणि २०१३ च्या ५ एसवरही ती चालत होती. ज्यांनी धास्तीने अपडेट घेतलंच नाही, ते त्या चपळाईला मुकले.

शिवाय पहिले दोन-तीन दिवस मोजायचेच नाहीत. अपडेटनंतर फोन फोटोंची पुन्हा वर्गवारी करतो, शोधाच्या याद्या नव्याने बांधतो, ॲप्सची जुळणी करतो. त्या काळात तो तापतो, अडखळतो. फोन रात्रभर चार्जिंगला आणि वायफायवर ठेवला की हे बहुतेक निवळतं.

अपडेट टाळणं हा उपाय नव्हेच. पेगॅसस या हेरगिरीच्या सॉफ्टवेअरने ज्या फटीतून आयफोनांत शिरकाव केला, ती फट जुन्या ५ एस आणि ६ मध्ये बुजवणारं अपडेट सप्टेंबर २०२१ मध्ये आलं. ज्या फोनवर बँकेचं ॲप आणि यूपीआय आहे, त्यावर सुरक्षेची अपडेट्स घ्यावीच लागतात. ‘अपडेट घ्या, नाहीतर धोका’ हे कंपनी सांगते तेव्हा ती खरं बोलत असते. म्हणूनच त्याच पुडीत आणखी काय बांधून दिलंय, हे सांगण्याची तिची जबाबदारी जास्त ठरते.

ही जबाबदारी आता थोडीफार पाळली जाते. जानेवारी २०२५ मध्ये गूगलने पिक्सेल ४ ए साठी असं अपडेट काढलं, की काही फोनांची बॅटरी एकदम कमी चालायला लागली. बॅटरी तापण्याचा धोका हे कारण. मात्र या वेळी तशी सूचना आधी दिली, भरपाईचे पर्यायही दिले. त्याच महिन्यात आपल्याकडे, आयओएस १८ नंतर फोन नीट चालत नसल्याच्या तक्रारींवरून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ॲपलला नोटीस पाठवली. युरोपने जून २०२५ पासून नियमच केला आहे. बॅटरी ८०० वेळा चार्ज झाल्यावरही तिची ८० टक्के क्षमता उरली पाहिजे आणि मॉडेलची विक्री थांबल्यावर किमान पाच वर्षं अपडेट्स मिळाली पाहिजेत.

तुमचा फोन रखडत असेल तर आधी बॅटरी बघा. आयफोनमध्ये सेटिंग्जमधल्या बॅटरीच्या पानावर तिची उरलेली क्षमता दिसते. ८० टक्क्यांच्या खाली असेल तर नव्या फोनच्या दुकानात जाण्याआधी बॅटरी बदलून पाहा. अँड्रॉइडमध्ये ही माहिती प्रत्येक कंपनीने वेगळ्या ठिकाणी ठेवली आहे, काहींनी ठेवलेलीच नाही. तिथे कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये बॅटरी तपासून मागा. फोन दोन-तीन वर्षांचा झाला असेल आणि तीस-चाळीस टक्क्यांवरून अचानक बंद पडत असेल, तर दोष बहुधा तिचाच असतो.

पुढच्या आठवड्यात : बॅटरी बदलताना दुकानदार ‘ओरिजिनल’ म्हणतो, तेव्हा नेमकं काय विकत असतो?