पाळीव पक्ष्यांचे त्वचाविकार

पिंजऱ्यात पाळलेल्या पक्ष्यांची त्वचा, पिसे, चोच व पायांवरील खवले यांना होणाऱ्या विकारांचा या नोंदीत विचार केला आहे. भारतात घरोघरी आढळणारे पिंजऱ्यातील पक्षी मुख्यतः विदेशी मूळाचे आहेत. ऑस्ट्रेलियातील बजरीगर व कॉकॅटील हे त्यांपैकी प्रमुख होत. (बजरीगरालाच बाजारात पुष्कळदा ‘लव्हबर्ड’ म्हणतात, वस्तुतः लव्हबर्ड हा आफ्रिकेतील वेगळा पोपट आहे.) देशी जातींचे पोपट पाळण्यास वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये मनाई आहे.

पक्ष्याची त्वचा सस्तन प्राण्यांच्या त्वचेपेक्षा बरीच पातळ असते. पिसांखालील भागात बाह्यत्वचेचे जिवंत थर अगदी मोजक्या पेशींच्या जाडीचे असतात. तिच्यात स्वेदग्रंथी नसतात. शेपटीच्या मुळाशी बहुतेक जातींत एक तैलग्रंथी असते व तिचा स्राव पक्षी चोचीने पिसांना लावतो. पिसे साफ करण्याची ही क्रिया दिवसभर चालू असते. त्यामुळे अंगाला लावलेले कोणतेही औषध थोड्याच वेळात पोटात जाते. पक्ष्याच्या बाबतीत बाहेरून लावण्याचे औषध हे पोटात देण्याचे औषधही असते, ही गोष्ट लक्षात न घेतल्यामुळे त्वचेच्या किरकोळ विकारावर केलेला घरगुती उपचार पक्ष्याच्या जिवावर बेततो.

विकार ओळखण्यापूर्वी स्वाभाविक काय आहे ते माहीत असावे लागते. जुनी पिसे झडून नवी येण्याच्या काळात डोक्यावर व मानेवर काट्यांसारखी आवरणयुक्त पिसे दिसतात आणि पिंजऱ्यात पांढरा कोंडा पडतो. हा रोग नव्हे. कॉकॅटीलच्या अंगावरची पांढरी भुकटीही नैसर्गिकच असते. फिकट पिवळ्या (ल्युटिनो) कॉकॅटीलला तुऱ्यामागे टक्कल असते, ते आनुवंशिक असते. बजरीगर मादीच्या नाकपुड्यांभोवतीची मऊ गादी विणीच्या काळात तपकिरी व खरखरीत होते. मात्र प्रौढ नराची निळी गादी तपकिरी होऊ लागली, तर वृषणाच्या अर्बुदाची शंका घ्यावी लागते. पिसे झडताना त्वचा उघडी पडत नाही. उघडी त्वचा, लाली, खपल्या वा रक्त दिसल्यास तो विकार समजावा.

बजरीगरामध्ये विशेषेकरून आढळणारा त्वचाविकार म्हणजे खवलेमुखी खरूज. निमिडोकॉप्टीस पायली या सूक्ष्म माइटामुळे तो होतो. हा माइट आपले सर्व जीवनचक्र पक्ष्याच्या अंगावरच पुरे करतो आणि त्वचेच्या व चोचीच्या शृंगी थरात बिळे पाडून राहतो. प्रथम चोचीच्या कोपऱ्यात पांढुरका, कोरडा थर दिसतो. तो वाढून नाकपुड्या, पापण्या व पाय यांवर पसरतो. भिंगातून पाहिल्यास त्यात मधमाश्यांच्या पोळ्यासारखी बारीक छिद्रे दिसतात व ही खूण निदानास पुष्कळदा पुरेशी असते. खरवडून काढलेला अंश सूक्ष्मदर्शकाखाली पाहून खात्री करता येते. उपचारास उशीर झाल्यास चोच कायमची वाकडी होते व पक्ष्याला दाणे सोलता येत नाहीत. खाज बहुधा फारशी नसल्यामुळे मालकाचे दुर्लक्ष होते.

यावर आयव्हरमेक्टीन हे औषध गुणकारी आहे. परंतु मात्रेचा हिशेब पाहण्यासारखा आहे. सामान्य मात्रा शरीराच्या दर किलोग्रॅम वजनास ०·२ मिग्रॅ. असते. बजरीगराचे वजन सुमारे ३५ ग्रॅम धरल्यास त्याला ०·००७ मिग्रॅ. औषध पुरते. गुरांसाठी मिळणाऱ्या १ टक्का द्रावाच्या एका थेंबात साधारण ०·५ मिग्रॅ. म्हणजे जवळजवळ ७० मात्रा असतात. म्हणून ते पशुवैद्यानेच विरल करून, पक्ष्याचे वजन करून द्यावयाचे असते. मात्रा साधारणपणे १० ते १४ दिवसांनी पुन्हा द्यावी लागते. खपल्या नखाने उपटू नयेत. माइट मेल्यावर त्या आपोआप गळतात. सोबतच्या पक्ष्यांत लक्षणे दिसत नसली, तरी त्यांनाही तपासून घ्यावे.

याहून वेगळा असा तांबडा माइट (डर्मॅनिसस गॅलिनी) दिवसा पिंजऱ्याच्या व घरट्याच्या फटींत लपतो आणि रात्री रक्त शोषतो. पक्षी रात्री अस्वस्थ असल्यास पिंजऱ्यावर पांढरे कापड टाकून ठेवावे; पहाटे त्यावर तांबडे-काळे ठिपके हलताना दिसले की निदान होते. पिल्ले याने रक्तक्षय होऊन दगावतात. येथे पक्ष्यापेक्षा पिंजऱ्याचाच उपचार महत्त्वाचा असतो. पक्षी बाहेर काढून पिंजरा उकळत्या पाण्याने धुवावा व लाकडी घरटे टाकून द्यावे.

पिसे उपटण्याच्या विकृतीत छाती, पाय व पंखांखालचा भाग उघडा पडतो, परंतु डोके पूर्ण पिसांनी झाकलेले राहते, कारण पक्ष्याची चोच तेथे पोहोचत नाही. डोक्यावरचीही पिसे जात असल्यास सोबत्याकडून होणारी उपटणूक, माइट किंवा विषाणुजन्य रोग यांचा विचार करावा. पोपटांमधील चोच व पिसांचा रोग हा सर्कोव्हायरसामुळे होतो. त्यावर निश्चित उपाय नाही व रोगी पक्षी वेगळा ठेवणे एवढेच हाती असते. उपटण्याची कारणे एकाकीपणा, अपुरी झोप व लहान पिंजरा ही असू शकतात, पण यकृताचे विकार, आतड्यातील परजीवी किंवा पिंजऱ्याच्या जस्ताची विषबाधा हीही असतात. तपासणीशिवाय ‘सवय लागली आहे’ असे म्हणणे उतावळेपणाचे ठरते.

केवळ राळे, बाजरी व सूर्यफुलाच्या बिया खाणाऱ्या पक्ष्यांत अ जीवनसत्त्वाची न्यूनता होते. तळव्यांवरील खवले गुळगुळीत होतात, त्वचा पातळ होते आणि एकाच जाडीच्या दांडीवर सतत बसल्याने तेथे व्रण पडून जंतुसंसर्ग होतो. दांडीवर गुंडाळावयाचा वाळूकागद या बाबतीत अपायकारकच होय. पेरूच्या निरनिराळ्या जाडीच्या फांद्या बसावयास द्याव्यात आणि आहारात गाजर, मेथी, कोथिंबीर, शेवग्याचा पाला यांचा हळूहळू समावेश करावा.

खोबरेल तेल व हळद यांचा लेप हा आपल्याकडील नेहमीचा उपाय. पण तेलाने पिसे चिकटतात, त्यांतील हवेचा उष्णतारोधक थर नाहीसा होतो आणि सु. ४१° से. तापमान राखणारे ते लहान शरीर गारठते. माणसांसाठीची स्टेरॉइडयुक्त मलमे पोटात जाऊन रोगप्रतिकारशक्ती खालावते. जस्तयुक्त व बधिरता आणणारी मलमे विषारी ठरतात. पिंजऱ्यात डांबराच्या गोळ्या ठेवणे किंवा कुत्र्यांसाठीची कीटकनाशक पूड फवारणे पक्ष्यांच्या नाजूक श्वसनसंस्थेला घातक होते.

वाढत्या पिसाच्या नळीत रक्त असते व ती तुटल्यास रक्तस्राव होतो. ३५ ग्रॅमच्या पक्ष्यात एकूण रक्त सु. ३·५ मिलि. असल्याने बारा थेंब गेले तरी सहावा हिस्सा जातो. स्वच्छ कापडाने हलका दाब द्यावा, जागेवर मक्याचे पीठ लावावे व लगेच पशुवैद्याकडे न्यावे. पक्ष्यांना मध्यपटल नसल्याने छातीच्या हालचालीवरच श्वसन चालते. म्हणून पकडताना डोके व पाठ आधाराने धरावी, छाती दाबू नये. नवा पक्षी आणल्यावर तो निदान एक महिना स्वतंत्र खोलीत ठेवावा आणि ग्रॅम दाखविणाऱ्या काट्यावर त्याचे वजन आठवड्याला नोंदवावे. बजरीगराचे वजन ४ ग्रॅमने घटले, तर पिसे चांगली दिसत असली तरीही त्याची तपासणी करून घ्यावी.